उलट्या नगरीतील पुसट माणसे

पवनीसारख्या गावात कादंबरीविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : गोष्ट काय आहे? पाठोपाठ दुसरा : त्यात लक्षात राहणारा माणूस कोण? हे प्रश्न भाबडे आहेत असे आम्ही मानत नाही. आमचा मुलूख झाडीपट्टीचा. दिवाळी सरली, धान घरात आले की वडशाच्या नाटक मंडळ्या निघतात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगावी रात्रभर नाटके चालतात. त्या नाटकांत कारस्थान असते, ताटातूट असते, पोट धरून हसवणारा विनोदी नट असतो आणि पहाटेपर्यंत थंडीत बसलेला प्रेक्षक त्यातल्या आईबरोबर रडतो. ज्यांची आवड अशा भरगच्च कथानकावर पोसली गेली, त्यांनी कादंबरीकडेही तेच मागावे यात नवल ते काय?

तरीही याच वाचकांपैकी काहींच्या हाती एका निराळ्या जातीची पुस्तके दिसतात. कोणी मराठी अनुवादातून, कोणी हिंदी-उर्दूतून, तर महाविद्यालयात शिकणारी मुले थेट इंग्रजीतून ती वाचतात. जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर', आल्डस हक्सलेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', जोसे सारामागोची 'ब्लाइंडनेस' ही त्यातली ठळक नावे. अशा लेखनाला डिस्टोपियन साहित्य म्हणतात. डिस्टोपिया म्हणजे उलटी आदर्शनगरी. जिथे सर्व काही नियमाने, शिस्तीने आणि बहुधा माणसाच्या भल्याच्याच नावाने चालते आणि म्हणूनच जिथे माणूस म्हणून जगता येत नाही, अशी नगरी. आपल्याकडची 'अंधेर नगरी' गोंधळामुळे अंधेर होती. ही नगरी व्यवस्थेमुळे अंधेर आहे.

ही पुस्तके वाचून झालेला वाचक अभिप्राय देतो तो मात्र काहीसा ओशाळून : "गोष्ट फारशी नाही, माणसेही डोळ्यांसमोर उभी राहत नाहीत, पण आवडले बुवा!" प्रस्तुत लेखात आम्हाला या वाक्यातल्या 'पण' या शब्दाचा विचार करायचा आहे. वाचकाने असे ओशाळावे का? पुसट पात्रे आणि पातळ कथानक यांना आपण दोष म्हणतो, तर त्यांच्यासकट पुस्तक आवडते ते कशामुळे? आणि मुस्लिम मराठी वाचकांपुढे तर याहून अवघड एक प्रश्न उभा राहतो. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

प्रथम दोष मान्य करू. या पुस्तकांविरुद्ध जी तक्रार केली जाते ती खोटी नाही. या परंपरेतील एक आद्य कादंबरी रशियन लेखक येवगेनी झाम्याटिन याने १९२०-२१ मध्ये लिहिली. तिच्या शीर्षकाचा अर्थच 'आम्ही' असा आहे. १९२४ साली ती न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत निघाली. सोव्हिएत रशियात मात्र ती १९८८ पर्यंत छापली गेली नाही. तीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. नायक डी-५०३. घरे काचेची, कारण कोणाचेच काही खाजगी नसावे. पडदा ओढण्याची मुभा ठरावीक तासांपुरती, तीही परवाना घेऊन. हा नायक एक अंतराळयान बांधतो, एका स्त्रीच्या प्रेमात पडतो, बंडात ओढला जातो आणि अखेरीस शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्तीच काढून टाकली जाते. कथानक एवढेच. डी-५०३ चे बालपण कसे गेले, त्याला काय खायला आवडते, तो कशाने हसतो, यातले फार थोडे आपल्याला कळते.

ऑर्वेलचे पुस्तक १९४९ चे. ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारातील मोतिहारीचा. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. त्याच्या कादंबरीतील विन्स्टन स्मिथ जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर सत्तेच्या सोयीप्रमाणे बदलण्याची नोकरी करतो. कादंबरीच्या मध्यावर बंडखोर पुढाऱ्याच्या पुस्तकातील लांबच लांब उतारे येतात आणि शेवटी भाषा आक्रसत कशी नेली याचे एक परिशिष्टच जोडलेले आहे. म्हणजे कादंबरी वाचता वाचता आपण निबंध वाचत असतो. हक्सलेच्या १९३२ मधील कादंबरीतही शेवटाकडे जगाचा नियंत्रक आणि बाहेरून आलेला तरुण जॉन यांच्यात जो दीर्घ संवाद आहे, तो उघड उघड तत्त्वचर्चा आहे. त्या नियंत्रकाचे नाव मुस्तफा माँड. अभ्यासक त्या नावाचा संबंध तुर्कस्तानचे मुस्तफा केमाल आणि उद्योगपती आल्फ्रेड माँड यांच्याशी जोडतात. हा मुस्तफा बोलतो फार छान, पण घरी गेल्यावर तो कसा असतो ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आपल्या मराठीतही हेच दिसते. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीने यंत्रमानवाचा प्रश्न मराठी वाचकापुढे आणला. माणसाने बनवलेल्या बुद्धिमान यंत्राला स्वतःसारखे दुसरे यंत्र घडवण्याची विद्या मिळाली तर माणसाचे काय होईल, हा तो प्रश्न. नारळीकरांच्या पात्रांबद्दल समीक्षकांनी काय म्हटले ते सर्वांना माहीत आहे : शास्त्रज्ञ एकमेकांसारखे बोलतात, त्यांना घरदार असून नसल्यासारखे असते. हे खरेच आहे. पण २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा वाचकांना आठवले ते त्यांचे प्रश्न. आज यंत्रे लेख लिहू लागली आहेत, चित्रे काढू लागली आहेत. अशा वेळी वामनाचा प्रश्न जुना वाटत नाही.

तेव्हा दोष आहेत. मग आनंद कशाचा?

आमच्या मते मराठी समीक्षेने शाळा-महाविद्यालयांतून जी मोजपट्टी आपल्या हाती दिली, तिचा येथे काहीसा दोष आहे. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, भाषाशैली या क्रमाने उत्तरपत्रिका लिहून आपण मोठे झालो. ही मोजपट्टी युरोपातील एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी कादंबरीच्या मापाने बेतलेली आहे. तिने ह. ना. आपटे मोजता येतात. परंतु सर्व गोष्टी तिने मोजता येत नाहीत. कारण गोष्ट सांगण्याच्या जुन्या रीती निराळ्या होत्या आणि त्यांतल्या काही तर आपल्या घरातल्याच आहेत.

शेख सादींचे 'गुलिस्ताँ' इसवी सन १२५८ चे. एके काळी मदरशांत ते फारसीच्या पहिल्या पुस्तकांत शिकवले जाई. त्यातल्या हिकायती आठवून पाहा. एक बादशहा, एक दरवेश, एक व्यापारी, एक गुलाम. बहुतेकांना नाव नाही, गाव नाही. त्या दरवेशाचे पात्रचित्रण अपुरे आहे अशी तक्रार कोणी केल्याचे आम्ही ऐकले नाही. हिकायत ऐकणाऱ्याला ठाऊक असते की येथे दरवेश हा प्रश्न विचारायला आला आहे, स्वतःची कर्मकहाणी सांगायला नाही. नाथांच्या भारुडातही असेच असते. भारुडातली सासू कोणा एकीची सासू नव्हे. ते एक सोंग आहे आणि सोंगाच्या आत अर्थ बसला आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' रचला तेव्हा माणसाच्या आतले झगडे त्यांनी संग्रामाच्या रूपकात मांडले. ज्या समाजाने हिकायत ऐकली आणि भारूड पाहिले, त्याला पुसट पात्रांची सवय नाही असे कोण म्हणेल?

विचार सांगण्यासाठी नगरी उभारण्याची कल्पनाही आपल्याला परकी नाही. दहाव्या शतकातील तत्त्ववेत्ता अल-फाराबी याने सद्गुणी नगरीवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने तिच्याविरुद्ध असलेल्या नगरींचीही मांडणी केली. अज्ञानाची नगरी, दुराचाराची नगरी, मार्ग बदललेली नगरी, वाट चुकलेली नगरी. अज्ञानाच्या नगरीचे त्याने पुन्हा प्रकार पाडले : केवळ पोटाच्या गरजांसाठी जगणारी, संपत्तीसाठी जगणारी, सुखविलासाची, मानसन्मानाची भुकेलेली, दुसऱ्यांवर प्रभुत्व गाजवणारी आणि जिथे ज्याला जे वाटेल ते करण्याची मोकळीक आहे अशी. आज ही यादी वाचताना वाटते की विसाव्या शतकातल्या डिस्टोपियन कादंबऱ्यांची वर्गवारी कोणीतरी हजार वर्षे आधीच करून ठेवली आहे. हक्सलेची नगरी सुखविलासाची, ऑर्वेलची प्रभुत्वाची. फाराबीच्या ग्रंथात एकही पात्र नाही. तिथे नगरी हेच पात्र आहे.

बाराव्या शतकात अंदलुसच्या इब्न तुफैलने 'हय्य इब्न यकझान' लिहिले. बेटावर एकटा वाढलेला, हरिणीने दूध पाजलेला हा मुलगा केवळ निरीक्षण आणि विचार यांच्या बळावर सत्यापर्यंत पोचतो. नंतर तो माणसांच्या वस्तीत जातो, त्यांना ते सत्य सांगू पाहतो. लोकांना ते पेलत नाही आणि तो बेटावर परत येतो. घडते ते एवढेच. पण ही छोटी गोष्ट १६७१ साली लॅटिनमध्ये आणि १७०८ साली अरबीवरून इंग्रजीत गेली आणि युरोपात वाचली गेली. पातळ कथानकाला इतके दीर्घ आयुष्य लाभते, त्या अर्थी वाचक त्यात गोष्टीपलीकडचे काही शोधत असला पाहिजे.

तो काय शोधत असतो? आमचे उत्तर असे आहे. डिस्टोपियन कादंबरीत व्यवस्था ही नायक असते आणि नियम हे कथानक असते. वास्तववादी कादंबरीत आपण विचारतो, 'आता हा माणूस काय करील?' येथे आपण विचारतो, 'हा नियम असेल तर आणखी काय काय होईल?' घरे काचेची केली, तर प्रेमाचे काय होईल? जुने वर्तमानपत्र रोज बदलता आले, तर आठवणीचे काय होईल? मुले बाटल्यांत, आधीच ठरवलेल्या पाच वर्गांत जन्माला घातली, तर खालच्या वर्गातला माणूस आपल्या नशिबावर खूश कसा राहील? हक्सलेच्या कादंबरीत त्याला तसे खूश राहायला झोपेत शिकवले जाते. या प्रश्नाने भारतीय वाचक दचकतो. जन्माने ठरलेली पायरी आणि त्या पायरीवर समाधान मानायची शिकवण त्याला पुस्तकातून समजून घ्यावी लागत नाही. एका नियमातून दुसरा परिणाम निघतो, दुसऱ्यातून तिसरा; ही साखळी उलगडताना जी उत्कंठा लागते ती रहस्यकथेपेक्षा कमी नसते. तिचा कणा तेवढा वेगळा असतो.

म्हणूनच कथानक पातळ चालते, पण नियम ढिला चालत नाही. लेखकाने पहिल्या प्रकरणात केलेला नियम दहाव्या प्रकरणात सोयीसाठी मोडला की अशी कादंबरी कोसळते. जिथे नगरीचा नियम नीट रचलेला नाही आणि पात्रे नुसती पानेच्या पाने भाषण करतात, ते पुस्तक तत्त्वचिंतनाच्या नावाखाली सोडून देण्याजोगे नाही. विचार मोठा आहे म्हणून पुस्तक चांगले ठरत नाही. विचार घटनेत, वस्तूत, रोजच्या व्यवहारात उतरला पाहिजे. झाम्याटिन पेशाने जहाजबांधणी इंजिनिअर होता आणि तो काचेच्या भिंती आणि तासांचे वेळापत्रक दाखवतो. त्यातून स्वातंत्र्याविषयीचे त्याचे चिंतन आपोआप कळते.

आणि पात्रे पुसट का? कारण त्या नगरीनेच ती पुसली आहेत. डी-५०३ ला नाव नाही ते झाम्याटिनला नाव सुचले नाही म्हणून नव्हे. माणसाचा क्रमांक करणे हे त्या राज्याचे काम आहे आणि तेच कादंबरीचा विषय आहे. येथे पुसटपणा हा पुरावा आहे.

ही गोष्ट पवनीच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. आमच्या गावाजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पुढे पाणी अडले, शेतीला कालवे मिळाले आणि नदीकाठची गावे उठली. त्या गावांत कोणी भोई होता, कोणी धानाचा शेतकरी, कोणी बकऱ्या पाळणारा, कोणी मशिदीत अजान देणारा. सरकारी कागदात या सगळ्यांसाठी एकच शब्द झाला : प्रकल्पग्रस्त. त्याचे प्रमाणपत्र मिळते, त्याला क्रमांक असतो. धरण व्हावे की न होवे हा या लेखाचा विषय नाही. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की भरल्या संसाराच्या माणसाची एका शब्दात, एका नोंदीत समाप्ती कशी होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला डी-५०३ हे पात्र अपुरे वाटत नाही. उरलेला माणूस तो स्वतःच्या आठवणीतून भरतो. पुसट पात्राची ही एक ताकद आहे. त्यात वाचकाला बसायला जागा असते.

इजिप्तच्या बस्मा अब्दुल अझीझ या मनोविकारतज्ज्ञ लेखिकेची 'अल-ताबूर' ही कादंबरी २०१३ साली आली. ताबूर म्हणजे रांग. एका शहरात सर्व कामांचा परवाना एका दरवाज्याकडून घ्यावा लागतो आणि तो दरवाजा उघडतच नाही. लोक रांगेत उभे राहतात; रांगेतच दिवस, आठवडे काढतात. यह्या नावाच्या एका माणसाच्या शरीरात गोळी अडकली आहे. ती काढण्यासाठीही परवाना हवा आणि गोळी झाडली गेलीच नव्हती असे सरकारचे म्हणणे. कादंबरीभर होते ते एवढेच की रांग लांबत जाते. कथानकाच्या दृष्टीने हे काहीच नाही. पण ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसाममध्ये नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. त्यानंतर देशभरात कित्येक घरांत आजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचा जुना कागद, नावातल्या स्पेलिंगचा फरक यांची शोधाशोध झाली. ज्या घरात ती झाली, त्या घरातल्या वाचकाला 'अल-ताबूर' मध्ये 'काही घडत नाही' असे म्हणता येईल का? न घडणे हीच तिथली घटना आहे.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ.

मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी राहिली त्यामागे एक तक्रार होती. १९९० साली सोलापुरात पहिले संमेलन भरले. तेव्हापासून आपण परोपरीने सांगत आलो की मराठी साहित्यात मुसलमान पात्र पुसट असते. एक तर तो ऐतिहासिक कादंबरीतला दाढीवाला क्रूर सरदार, नाही तर नाटक-सिनेमातला दिलदार पठाण, नाही तर शेजारी ईदचा शिरखुर्मा पाठवणारा सज्जन चाचा. त्याला काळजी नाही, कंटाळा नाही, बायकोशी भांडण नाही, बोलीभाषा नाही. भंडारा जिल्ह्यातला मुसलमान झाडीबोलीचे शब्द सर्रास बोलतो, पण पुस्तकात शिरला की तो 'अरे भाईजान' म्हणू लागतो. हे पुसटपण आपल्याला टोचले आणि ते टोचणे रास्त होते. मग तेच आपण डिस्टोपियन कादंबरीतील पुसट पात्रांना माफी कशी देतो? आपल्यावर अन्याय झाला तेव्हा पुसटपणा हा दोष आणि परक्या पुस्तकात आवडला की तो गुण, हे दुटप्पीपणाचे नाही काय?

आम्हाला वाटते, नाही. परंतु हे नुसते म्हणून भागणार नाही, कसोटी सांगावी लागेल. कसोटी दोन प्रश्नांची आहे. पहिला : पुसट कोण आहे, सगळेच की एखादाच? दुसरा : त्याला कोणी पुसले, त्या जगाच्या नियमाने की लेखकाच्या अनास्थेने?

ऐतिहासिक कादंबरीत नायकाला बालपण असते, आई असते, संभ्रम असतो, रात्रीची जाग असते. समोरच्या खानाला मात्र फक्त मिशा असतात. म्हणजे तिथे लेखकाला माणूस रंगवता येतो, पण तो रंग एकालाच द्यायचा असे त्याने ठरवलेले असते. हा दोष आहे आणि राहील. झाम्याटिनच्या नगरीत सगळेच क्रमांक आहेत. सांगणारा नायकही क्रमांकच आहे आणि आपण पुसले जात आहोत याची वेदनाच त्याच्या टिपणांतून झिरपते. दोन्हीकडे पात्र पुसट आहे, पण पहिल्या ठिकाणी पुसणारा हात लेखकाचा आहे, दुसऱ्या ठिकाणी लेखक त्या हाताकडे बोट दाखवतो आहे.

ही कसोटी प्रामाणिकपणे वापरली तर ती आपल्या आवडत्या पुस्तकांनाही सोडत नाही. ऑर्वेलची ज्युलिया पाहा. विन्स्टन तिला ते बंदी घातलेले पुस्तक वाचून दाखवू लागतो तेव्हा ती झोपी जाते. विन्स्टनला लेखकाने आठवणी दिल्या, आईचे स्वप्न दिले, शंका दिल्या. ज्युलियाच्या मनात काय चालते ते आपण फार थोडे पाहतो. तिला केवळ त्या राज्याने पुसलेले नाही. लेखकाचाही त्यात हात आहे. हक्सलेच्या कादंबरीत नव्या जगाबाहेर राखीव मुलखात राहणारे आदिवासी दिसतात. ते देखावा म्हणून येतात, माणसे म्हणून नव्हे. येथेही आमची तक्रार जागी होते. पुस्तक मोठे आहे म्हणून ती मागे घेण्याचे कारण नाही.

उलट सारामागोची 'ब्लाइंडनेस' (१९९५) या कसोटीवर उजळून निघते. एका शहरात पांढऱ्या आंधळेपणाची साथ येते. कोणालाच नाव नाही : डॉक्टर, डॉक्टरची बायको, काळा चष्मा लावणारी मुलगी. सर्वांत एकट्या डॉक्टरच्या बायकोची दृष्टी शाबूत राहते आणि सगळ्यांची घाण, भूक, लाचारी तिला एकटीला पाहावी लागते. नाव नाही, पूर्वायुष्य जवळजवळ नाही. तरी ही बाई विसरता येत नाही. पुसट असणे आणि पोकळ असणे यांत फरक आहे, हे तिच्याकडे पाहून समजते.

बेगम रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. खुर्चीत डुलकी लागलेली सुलताना एका देशात पोचते. तिथे बायका राज्य करतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी काढले जाते आणि पुरुष मर्दान्यात कोंडलेले आहेत. सारा नावाची बाई तिला फिरवून सगळे दाखवते, मग तिला जाग येते. फेरफटका आणि गप्पा, एवढेच. बायकांसाठी ही आदर्शनगरी आणि पुरुषांसाठी उलटी नगरी. त्यात पुरुष इतके पुसट आहेत की एकाचाही चेहरा दिसत नाही. मग ही रुकैयांची अनास्था म्हणायची? नाही. जनान्यातल्या बाईला जगाने जेवढे पुसले होते, नेमके तेवढेच त्यांनी येथे पुरुषाला पुसले. पुसटपणाचेच त्यांनी शस्त्र केले आणि हसत हसत चालवले.

उर्दूत इंतिजार हुसैन यांची 'आखरी आदमी' ही कथा याच वाटेवरची. शनिवारी मासे पकडू नयेत ही आज्ञा मोडणाऱ्या वस्तीची हकीकत कुरआनात आहे. तिच्या आधारे ही कथा रचली आहे. वस्तीतली माणसे एकेक करून माकडे होत जातात. अल्यासफ ठरवतो की आपण माणूस म्हणूनच राहायचे. म्हणून तो राग सोडतो, द्वेष सोडतो, मग दया सोडतो, प्रेमही सोडतो. माणूस राहण्यासाठी एकेक माणूसपण टाकत जातो आणि शेवटी व्हायचे तेच होते. अल्यासफ लेखकाने पुसला नाही; भीतीने त्याने स्वतःलाच पुसले. भीतीच्या काळात सुरक्षित राहण्यासाठी गप्प बसणाऱ्या, शेजाऱ्याच्या दुःखाला दार न उघडणाऱ्या कोणत्याही समाजाने ही कथा वाचावी. त्यात आपणही आलो.

आता शेवटचा मुद्दा. मुस्लिम मराठी लेखक प्रामुख्याने वास्तववादी राहिला, याचे कारण उघड आहे. ज्याचे चित्र पुसट काढले गेले, त्याला आधी आपला चेहरा रेखावा लागतो. हमीद दलवाईंच्या १९६५ च्या 'इंधन' मधील कोकणातले गाव, तिथली मुसलमान माणसे, त्यांचे हेवेदावे, त्यांच्या चुका आणि त्यांची तगमग आजही खरी वाटते. दलवाईंच्या विचारांशी ज्यांचे मतभेद आहेत त्यांनाही ही माणसे ओळखीची वाटतात. आत्मकथने आली, कविता आली. त्यांनी मोहल्ला दाखवला, बोली आणली, आई-आपा-खाला दाखवल्या. ते काम संपलेले नाही.

परंतु पुसट पात्रांची विचारप्रधान कादंबरी हीही आपली वाट आहे, हे आता ओळखायला हवे. रांग, कागद, क्रमांक, पाण्याखाली गेलेला कब्रस्तान, घर भाड्याने देताना विचारले जाणारे आडनाव, ही आपल्या अनुभवातली सामग्री आहे. तिच्यातून एखादी नगरी उभी करून तिचा नियम शेवटपर्यंत नेणारा लेखक झाडीपट्टीतून का येऊ नये? त्याच्या नायकाला आम्ही नाव विचारणार नाही. मात्र त्या नगरीतला दुसरा माणूस, म्हणजे शेजारी, बाई, परधर्मी, त्याच्याइतकाच पुसट आहे की त्याच्याहून अधिक, हे जरूर पाहू. जी तक्रार आपण इतरांकडे केली ती आपल्या लेखनालाही लागू आहे. आणि एखाद्या वाचकाला असे पुस्तक आवडले, तर त्याने 'पण' न म्हणता ते सांगावे.